चंद्रावरचा ससा आणि वेशीतला चांडाळ : जातककथा व जपानी चित्रकथांतील समाजदर्शन

गेल्या वर्षावासात जाफराबाद येथील विहारात दर रविवारी सायंकाळी जातककथांचे वाचन होत असे. एका रविवारी शश जातक वाचून झाले. याचकाच्या भुकेसाठी आपला देह अग्नीत टाकणारा ससा, त्याची कसोटी पाहण्यास ब्राह्मणवेषाने आलेला सक्क, आणि शेवटी पर्वत पिळून काढलेल्या रसाने चंद्रबिंबावर कायमचे रेखाटलेले सशाचे चित्र, असे हे ३१६ वे जातक पाली वाचकांस सुपरिचित आहे. वाचन संपताच विहाराचे एक ज्येष्ठ उपासक उठून म्हणाले, "सर, बाबासाहेबांनी हे सगळे चमत्कार काढून टाकले. तुम्ही ते परत कशाला आणता?" त्यांचे बोलणे पुरते होण्यापूर्वीच सातवीत शिकणारी एक मुलगी म्हणाली, "सर, चंद्रावर सशांचं गाव असतं, मी कार्टूनमध्ये बघितलंय. ते इथून गेलं का तिकडं?"

मुलीने पाहिलेले कार्टून जपानी होते. डोरेमॉन या लोकप्रिय मालिकेचा चंद्रावरील सशांविषयीचा चित्रपट २०१९ साली जपानमध्ये प्रदर्शित झाला आणि आपल्याकडील लहान मुले डोरेमॉन हिंदीत घरबसल्या पाहतात. त्या सायंकाळी दोघांनाही मी जुजबी उत्तर दिले. पुढे विचार करता असे लक्षात आले की, हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. अद्भुत कथेचे बुद्धिवादी बौद्धाने काय करावे, हा तो प्रश्न होय. जपान हा बौद्ध परंपरेचा देश असून तेथे गेल्या साठ-सत्तर वर्षांत अद्भुत चित्रकथांचे प्रचंड भांडार निर्माण झाले. त्या भांडाराकडे समाजेतिहासाचे साधन म्हणून पाहिले तर आपल्या जातककथांविषयीही काही सांगता येते, असे मला वाटते.

प्रथम उपासकांच्या आक्षेपाविषयी. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच सिद्धार्थाच्या परिव्रज्येची रूढ कथा बुद्धीस पटत नाही असे सांगितले. जरा, व्याधी व मृत्यू एकोणतीस वर्षांच्या माणसाने पूर्वी पाहिलेच नसतील, हे त्यांना मान्य नव्हते. तेव्हा ससा चंद्रावर आहे असे मानावयास सांगणे हा धम्म नव्हे, याविषयी वाद नाही. परंतु कथा खरी घडली काय, हा एक प्रश्न. आणि ही कथा रचण्याची गरज कोणत्या समाजास पडली, हा दुसरा. जर्मन पंडित रिखार्ड फिक यांनी १८९७ साली बुद्धकालीन ईशान्य भारतातील समाजरचनेवर जो ग्रंथ लिहिला त्याची मोठी भिस्त जातकांवरच होती. देव, यक्ष आणि बोलणारे प्राणी बाजूस सारल्यावर जातकांत राजे, सेट्ठी, कुंभार, नळकार, व्याध आणि चांडाळ आपापल्या जागी उभे असलेले त्यांना दिसले. मला स्वतःला त्यापुढे एक पाऊल टाकावेसे वाटते. अद्भुत भाग बाजूस सारावयाचाही नाही, कारण समाजाला उघड बोलता येत नाही ते पुष्कळदा तेथेच लपलेले असते.

आमच्या परिसराचा या कथांशी जुना संबंध आहे. जाफराबाद हे पूर्णा आणि केळना या नद्यांच्या संगमावर वसले आहे. याच केळनेच्या काठी वरच्या बाजूस भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. १९७३ साली तेथे उत्खनन झाले व सातवाहनकालीन समृद्ध नगराचे अवशेष मिळाले. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत 'भोगवढन' येथील दात्यांची नोंद आहे. म्हणजे आमच्या नदीकाठच्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी ज्या स्तूपासाठी दान दिले, त्याच्याच तोरणांवर पुढे छद्दन्त, साम, महाकपि व वेस्सन्तर या जातकांची शिल्पे कोरली गेली. आमच्या वायव्येस अजिंठा आहे. तेथे लेणे क्र. १० मध्ये छद्दन्त व साम जातकांची चित्रे इसवी सनापूर्वीच्या काळापासून आहेत, आणि पाचव्या शतकातील लेणे क्र. १७ मध्ये तर भिंतीच्या भिंती जातकांनी भरलेल्या आहेत. त्या भिंतींपुढे उभे राहिले की एकच हत्ती किंवा एकच राजा चार-पाच ठिकाणी दिसतो. प्रसंग पुढे सरकतो आणि डोळा त्याच्यामागे जातो. स्थिर भिंतीवर कथा हलती करण्याची ही युक्ती आहे.

ही चित्रे जपानी विद्वानांनी आपल्याआधी मनावर घेतली, हे थोडे खेदाने सांगावे लागते. ओकाकुरा तेन्शिन १९०२ साली भारतात आले, तेव्हा त्यांनी अजिंठा पाहिले. नारा जवळच्या होर्युजी विहाराच्या सुवर्णमंडपातील भित्तिचित्रांची परंपरा अजिंठ्याशी जोडण्याचा अभ्यासही याच सुमारास सुरू झाला. पुढे अराई काम्पो हे चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९१६ साली आले आणि त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. त्या टोकियोस नेल्या, आणि १९२३ च्या महाभूकंपात नष्ट झाल्या. होर्युजीची मूळ चित्रेही २६ जानेवारी १९४९ रोजी लागलेल्या आगीत करपली. त्यांच्या प्रतिकृती काढण्याचे काम त्याच वेळी चालू होते. या दुर्घटनेनंतर जपानने १९५० साली सांस्कृतिक संपदेच्या रक्षणाचा कायदा केला. १९९२ पासून अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासासाठी जपानने कर्ज दिले, हे आमच्या भागात सर्वांस ठाऊक आहे. त्यामागे एवढा जुना इतिहास आहे हे मात्र क्वचितच कोणास ठाऊक असते.

ससा जपानात पोहोचला तो ग्रंथमार्गाने. ह्युएन त्संगाने सातव्या शतकात वाराणसी परिसरात ही कथा ऐकून लिहून ठेवली. बाराव्या शतकाच्या प्रारंभीच्या सुमारास जपानमध्ये 'कोन्जाकु मोनोगातारी' हा सहस्राधिक कथांचा संग्रह झाला. त्याचे तीन भाग आहेत : तेन्जिकु, म्हणजे भारत, त्यानंतर चीन, आणि शेवटी जपान. तेन्जिकुच्या भागात ससा, कोल्हा व माकड यांची ही कथा आली आहे. पाली कथेतले पाणमांजर वाटेत गळून पडले. अर्थात चंद्रावर ससा दिसतो ही समजूत चीनमध्ये बौद्ध कथेच्या आधीही होती. तेव्हा सारे काही जातकांतूनच गेले असे म्हणणे अतिरेकाचे ठरेल. देहदानाची कथा मात्र भारतातून गेली. आज जपानी मूल पौर्णिमेच्या चंद्रात उखळात तांदूळ कांडणारा ससा पाहते. १९९२ साली गाजलेल्या 'सेलर मून' या मालिकेच्या नायिकेचे नाव त्सुकिनो उसागी आहे. ते कानावर पडताच जपानी माणसास 'चंद्रावरचा ससा' असे ऐकू येते.

येथपर्यंतची कथा केवळ प्रवासाची आहे. खरा विचार पुढे आहे.

माझ्या पिढीतील अनेकांप्रमाणे मीही शाळकरी वयात, १९९३ साली, दूरदर्शनवर मोगलीची मालिका पाहिली आहे. वस्तीत एकाच घरी दूरदर्शन संच होता आणि त्यापुढे रविवारी दाटीवाटीने मुले बसत. ती मालिका १९८९ साली जपानमध्ये तयार झाली होती, हे मला फार उशिरा कळले. आपल्या विदर्भाच्या सीमेवरील सिवनीचे जंगल, ते लिहिणारा इंग्रज, चित्रे काढणारे जपानी आणि पाहणारे आम्ही! याच सुमारास, १९९२ साली, युगो साको यांचा जपान व भारतातील कलावंतांनी मिळून केलेला रामायणावरील चित्रपट पूर्ण झाला. त्याची आपल्या वृत्तपत्रांत चर्चा झाली आणि २०२५ च्या जानेवारीत तो पुन्हा मोठ्या पडद्यावरही आला. त्याच्या वीस वर्षे आधी जपानमध्ये भगवान बुद्धांच्या जीवनावर एक विशाल चित्रकथा सुरू झाली होती. तिची मात्र आपल्या विहारांतही फारशी वार्ता नाही.

ही चित्रकथा तेझुका ओसामु यांची. तेझुका १९२८ साली जन्मले, १९८९ साली वारले. शिक्षणाने ते वैद्य होते. १९४५ साली ओसाकावर झालेला बाँबवर्षाव त्यांनी तरुणपणी प्रत्यक्ष पाहिला. १ जानेवारी १९६३ रोजी त्यांची यंत्रबालकाची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. भारतात तो 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून ओळखला जातो. मनुष्यासारखे मन असूनही ज्याला मनुष्याचे हक्क नाहीत असा हा यंत्रबालक होता. 'बुद्ध' ही चित्रकथा त्यांनी १९७२ ते १९८३ या काळात क्रमशः लिहिली. तिचा आरंभच सशाच्या कथेने होतो. बर्फात कोसळलेल्या वृद्ध प्रवाशासाठी अस्वल मासे आणते, कोल्हा फळे आणतो, सशाला काहीच मिळत नाही आणि तो अग्नीत उडी घेतो. बुद्धांच्या चरित्राला या कथेपासून प्रारंभ करणारा चरित्रकार दुसरा माझ्या वाचनात नाही.

परंतु पुढील काही शे पृष्ठांत सिद्धार्थ जवळजवळ नाहीच. तेथे आहे चाप्रा, एक शूद्र दास मुलगा. तो कोसलच्या सेनापतीचा जीव वाचवतो, आपले कुळ लपवून त्याचा मानसपुत्र होतो, शस्त्रविद्येत सर्वांच्या पुढे जातो. नंतर त्याची आई नगरात येते. आईस ओळख द्यावी तर जात उघड होणार, न द्यावी तर पुत्र म्हणून जगणे व्यर्थ. अखेर सत्य बाहेर येते आणि माय-लेक दोघेही प्राणास मुकतात. त्याचा सोबती तत्ता हा तर वर्णव्यवस्थेच्याही बाहेर ढकललेल्या समूहातला. प्राण्यांच्या मनात शिरण्याची शक्ती त्याला लेखकाने दिली आहे. २८ मे २०११ रोजी या चित्रकथेवर आधारलेला पहिला ॲनिमेशनपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्यातही चाप्राची ही कथा मध्यवर्ती आहे.

पाली अभ्यासकाच्या दृष्टीने तेझुकांच्या कथेत अनेक दोष आहेत. चाप्रा आणि तत्ता तिपिटकात कोठेही नाहीत. वर्णव्यवस्थेचे त्यांचे चित्र युरोपीय पुस्तकांतून घेतल्यासारखे एकसाची आहे. तरीही चाप्राची कथा प्रथम वाचताना मला ४९८ वे चित्त-सम्भूत जातक आठवले आणि ते पुस्तक मला बाजूस ठेवावे लागले.

हे जातक सुज्ञ वाचकांनी मुळातून वाचावे. मराठी वाचकांस दुर्गा भागवत यांच्या 'सिद्धार्थ जातक' या अनुवादाची सोय आहे. चित्त आणि सम्भूत हे उज्जयिनीतील चांडाळ बंधू. ते नगराच्या वेशीत वेळूचे खेळ करून दाखवीत असता एक सेट्ठीकन्या व एक पुरोहितकन्या उद्यानाकडे निघतात. चांडाळ दिसले म्हणून त्या सुगंधी जलाने डोळे धुतात आणि परत फिरतात. त्यांच्याबरोबर मिळणाऱ्या खाण्या-पिण्यास मुकलेला जमाव त्या दोघा भावांना झोडपून काढतो. दोघेही ठरवतात की ही जात लपवावयाची. ते ब्राह्मणवेषाने तक्षशिलेस जातात आणि विद्येत नाव मिळवतात. एके दिवशी एका खेड्यात भोजनाचे निमंत्रण येते. पानावर ऊन ऊन पायस वाढलेले असते. सम्भूताचे तोंड भाजते आणि भान सुटून तो भावाला चांडाळांच्या बोलीत काही म्हणतो. भाऊही त्याच बोलीत उत्तर देतो. तेवढ्यावरून सहाध्यायी त्यांना ओळखतात, मारतात व हाकलून देतात. वर्षानुवर्षांची विद्या एका घासावर गेली.

यानंतर कथा अद्भुताच्या वाटेने जाते. दोघे प्रव्रजित होतात, मरतात, हरिणे होऊन जन्मतात, नंतर पक्षी होतात, आणि मग एक पुरोहितपुत्र तर दुसरा राजा होतो. बालपणी मला हा भाग कंटाळवाणा वाटे. आता वाटते की, कथाकाराचा सगळा नाइलाज येथेच आहे. चांडाळ विद्येत श्रेष्ठ असू शकतो हे त्याने निःशंकपणे सांगितले. परंतु त्या चांडाळास त्याच देहाने, त्याच नावाने प्रतिष्ठा मिळाल्याचे दाखविणे त्याला जमले नाही. सिंहासनापर्यंत नेण्यासाठी त्याला तीन वेळा मारून पुन्हा जन्मास घालावे लागले. पुनर्जन्माची ही योजना श्रद्धेने वाचली तर तिचा कर्मविपाकाचा पाठ होतो. समाजेतिहासाच्या दृष्टीने वाचली तर कोणता दरवाजा त्या काळी किती घट्ट बंद होता याचे ते माप ठरते. चाप्राच्या बाबतीत तेझुकांनी पुनर्जन्माचा आडोसा घेतला नाही. तो मरतो आणि संपतो.

आता प्रश्न असा की, जपानी चित्रकाराला हे दुःख कोठून सुचले? आपल्या देशात अस्पृश्यता होती, तशीच ती जपानातही होती. तोकुगावा काळात चर्मकाम, मृत जनावरांची विल्हेवाट, दंडितांना फाशी देणे अशी कामे ज्यांच्यावर लादली त्यांना 'एता' म्हणत. या शब्दाच्या लेखनातच अतिमलिन असा अर्थ भरलेला आहे. दुसरा वर्ग 'हिनिन', म्हणजे अ-मनुष्य. १८७१ साली सरकारी आज्ञेने ही नावे रद्द झाली; वस्त्या, विवाहबंदी आणि नोकरीतील अडवणूक मात्र चालूच राहिली. ३ मार्च १९२२ रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी, या समाजाने क्योतो येथे सुईहेइशा ही संघटना स्थापन केली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मान्किची हे स्वतः जोदो शिन्शू पंथाच्या विहारातील कुटुंबात जन्मले होते.

आणि येथे आपणा बौद्धांना न आवडणारी गोष्ट सांगणे भाग आहे. या बहिष्कृतांचे विहार वेगळे होते. मृत्यूनंतर बौद्ध भिक्षू जे धम्मनाम देतात, त्या नामांतही अनेक ठिकाणी त्यांच्यासाठी पशू किंवा नोकर अशा अर्थाची अक्षरे घातली गेली आणि ती थडग्यांच्या दगडांवर कोरली गेली. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्म व शांतता परिषदेत सोतो झेन पंथाच्या एका वरिष्ठ प्रतिनिधीने जपानात असा भेदभावच नाही असे सांगितले. त्यावर बुराकु मुक्ती चळवळीने जाब विचारला. पुढे त्या प्रतिनिधीस आपले विधान मागे घेऊन क्षमा मागावी लागली आणि पंथास आपल्या नोंदवह्या व थडगी तपासावी लागली. बौद्ध देश म्हटला की जातिमुक्त देश, असे आपण भाषणांतून सहज बोलून जातो. तसे नसते. चिवर असूनही मनात वेस शिल्लक राहू शकते.

जपानी चित्रकथांत हा प्रश्न थेट आला नाही असे नव्हे. शिराटो सान्पेई यांची 'कामुई-देन' ही चित्रकथा १९६४ ते १९७१ या काळात 'गारो' मासिकात आली. तिचा नायक कामुई हा हिनिन कुळातला आहे. ती विद्यार्थी आंदोलनातील तरुणांनी फार वाचली. 'गारो' मासिकच मुळात तिच्यासाठी निघाले होते. परंतु अशी उदाहरणे थोडी. बहुसंख्य जपानी प्रकाशनांनी आणि दूरचित्रवाणीने हा विषय टाळणेच सोयीचे मानले. अशा समाजात एक लेखक तेन्जिकुच्या नावाने चाप्राचे मरण लहान मुलांच्या मासिकात काढतो, याचा अर्थ काय? तेझुकांच्या मनात नेमके काय होते त्याविषयी मी ठामपणे बोलणार नाही. परंतु 'कोन्जाकु'च्या काळापासून तेन्जिकु हा जपानी कथेचा दूरचा आरसा राहिला आहे, आणि दूरच्या आरशात आपला चेहरा पाहणे सोपे जाते.

आधुनिक जपानच्या इतर दुःखांनाही याच माध्यमाने वाट करून दिली. ताकाहाता इसाओ यांच्या १९८८ सालच्या चित्रपटात कोबेवरील बाँबवर्षावानंतर उपाशी मरणारी दोन भावंडे आहेत. १९९४ सालच्या चित्रपटात टोकियोच्या पश्चिमेस तामा येथे उभ्या राहिलेल्या नव्या शहरामुळे डोंगर गमावणारे तानुकी प्राणी आहेत. धरण, सेझ किंवा महामार्ग यांत जमीन गेलेल्यास या दुसऱ्या चित्रपटातील कारुण्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पण माझ्या विषयास अधिक जवळचा चित्रपट मियाझाकी हायाओ यांचा, १९९७ चा 'मोनोनोके-हिमे' होय.

हा चित्रपट मध्ययुगीन जपानात घडतो. त्यात वनदेवता आहेत, शाप आहेत, बोलणारे लांडगे आहेत. आणि या सर्वांच्या मधोमध लोखंड गाळणाऱ्यांची एक वस्ती आहे. तिची स्वामिनी एबोशी. तिने वेश्यागृहांतून सोडवून आणलेल्या स्त्रिया भट्टीचे भाते चालवतात. वस्तीच्या एका कोपऱ्यात अंगभर पट्ट्या बांधलेली माणसे बंदुका बनवतात. हे कुष्ठरोगी आहेत, हे मियाझाकींनी पुढे जाहीर भाषणांत सांगितले. चित्रपटाच्या तयारीच्या काळात ते आपल्या घराजवळच्या तामा झेन्शोएन या कुष्ठरुग्णालयात गेले होते आणि तेथे जे पाहिले त्यानंतर या माणसांना वगळणे त्यांना शक्य झाले नाही. जपानी भाषेत या रोगास पूर्वी 'गोब्यो' म्हणत. 'गो' म्हणजे कम्म. कम्मरोग! पूर्वजन्मीच्या पापाने जडलेला रोग असा याचा अर्थ. आपला एक पवित्र पाली शब्द दूरदेशी जाऊन माणसाला गावाबाहेर काढण्याच्या कामी आला. १९०७ च्या कायद्यापासून जपानी शासनाने कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्यास सुरुवात केली. उपचार सापडल्यानंतरही, १९५३ साली, तोच कायदा नव्या रूपात ठेवला. तो रद्द झाला १९९६ साली. चित्रपट पुढच्याच वर्षीचा. कुमामोतो येथील न्यायालयाने ११ मे २००१ रोजी शासनास दोषी ठरवले.

बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धांचा नव्हे असे का आग्रहाने म्हटले, हे येथे उमगते. दरिद्री व पतित यांच्या स्थितीची जबाबदारी त्यांच्याच मागील जन्मावर टाकली की राज्य आणि समाज मोकळे होतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्या पाली साहित्यातही हा दुपदरीपणा आहे व तो झाकू नये. उदानात सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. अन्नदान चालले असावे असे समजून तो गर्दीकडे येतो. तेथे तथागत उपदेश करीत असतात. त्या सबंध परिषदेत धम्म समजण्यास योग्य कोण, हे पाहताना त्यांची दृष्टी या कुष्ठरोग्यावरच स्थिरावते आणि त्याला उद्देशून ते बोलतात. कथा येथे संपली असती तर! परंतु पुढे भिक्षू विचारतात की तो कुष्ठी का झाला, आणि उत्तरात पूर्वजन्मीच्या अपराधाची हकीकत येते. विनयात तर कुष्ठ हा प्रव्रज्येस अडथळा ठरणाऱ्या पाच रोगांपैकी एक आहे. बाबासाहेबांच्या कसोटीने यातील कोणता भाग बुद्धवचन व कोणता नंतरचा, हे ठरविण्याचे काम आपल्या पाली विभागांनी अंगावर घेतलेले नाही. मियाझाकी हे धर्मोपदेशक नव्हेत. तरी त्यांच्या वस्तीत या माणसांना कोणी पूर्वजन्म विचारीत नाही. त्यांना काम आहे आणि त्यांच्या जखमा धुणारी एक स्त्री आहे. तीच एबोशी जंगल तोडते आणि युद्ध ओढवून घेते, हेही चित्रपट लपवीत नाही.

चमत्काराविषयी आणखी एक जपानी उदाहरण देतो, कारण ते आमच्या उपासकांना विशेष आवडले. दहाव्या शतकाच्या सुमाराची 'ताकेतोरी मोनोगातारी' ही वेळूतून जन्मलेल्या चंद्रकन्येची कथा जपानची आद्य कथा मानली जाते. २०१३ साली ताकाहाता यांनी तिच्यावर अखेरचा चित्रपट केला. मूळ कथेत चंद्रकन्या कागुया-हिमे एका राजपुत्रास तेन्जिकुतून बुद्धांचे पाषाणपात्र आणावयास सांगते. पात्राची ही कथा मूळची विनयातली : तपुस्स व भल्लिक या व्यापाऱ्यांचे अन्न स्वीकारण्यासाठी चार लोकपालांनी तथागतांना पाषाणपात्रे दिली. जपानी राजपुत्र मात्र तेन्जिकुस जातच नाही. तीन वर्षे लपून राहतो आणि डोंगरातल्या एका विहारातून बिन्झुरूच्या मूर्तीपुढचे काजळी धरलेले पात्र उचलून आणतो. चंद्रकन्या पात्रात तेज आहे का पाहते, ते नसते, लबाडी उघडी पडते.

गंमत अशी की, बिन्झुरू म्हणजे पालीतील पिण्डोल भारद्वाज. चुल्लवग्गात आहे की, राजगृहाच्या सेट्ठीने उंच वेळूवर बांधलेले चंदनाचे पात्र पिण्डोलाने ऋद्धिबलाने आकाशात उडून काढून आणले. लोक जयजयकार करीत मागे लागले. तथागतांनी त्याची कठोर निर्भर्त्सना केली, पात्र फोडून त्याची पूड करावयास लावली आणि गृहस्थांपुढे चमत्कार दाखविण्यास बंदी घातली. जपानी कथाकाराने खोट्या चमत्काराचे पात्र नेमके याच भिक्षूच्या पुढून उचलले. हे त्याने जाणून केले की योगायोगाने, कोण सांगणार? जपानमध्ये आजही बिन्झुरूची मूर्ती बहुधा मुख्य मंडपाच्या बाहेर बसवलेली असते. आजारी माणसे आपला दुखरा अवयव आणि मूर्तीचा तोच अवयव आळीपाळीने चोळतात. मूर्तीचे लाकूड त्यामुळे गुळगुळीत झालेले असते.

ताकाहातांच्या चित्रपटाच्या अखेरीस चंद्रलोकातून वाद्ये वाजवीत एक मिरवणूक येते आणि तिच्या मध्यभागी बुद्धसदृश आकृती असते. अमिताभ बुद्ध मरणाऱ्याला न्यावयास येतात अशा जपानी चित्रांच्या धर्तीवर ती रेखाटली आहे. एक वस्त्र अंगावर पडले की पृथ्वीवरील सर्व दुःख विसरले जाते. कागुया ते वस्त्र नाकारू पाहते. विस्मरणाने मिळणारी शांती आणि दुःख जाणून घेण्याने मिळणारी शांती यांत कोणती बुद्धांची, हा प्रश्न तेथे पडद्यावर उभा राहतो. आणि माझ्या मते दिग्दर्शकाचा कल मिरवणुकीच्या बाजूने नाही.

आपल्याकडील बालपुस्तकांत जातके म्हटली की माकड, मगर, हत्ती आणि कोल्हा एवढेच येतात. चित्त-सम्भूत, मातंग आणि अम्ब ही चांडाळांची जातके क्वचितच दृष्टीस पडतात. अम्ब जातकात तर अकाली आंबे पिकविण्याचा मंत्र एका चांडाळाकडून शिकलेला ब्राह्मणपुत्र राजापुढे गुरूची जात सांगण्यास लाजतो, आणि त्याच क्षणी मंत्र विसरतो. अकाली आंबे कोणाच्या मंत्राने पिकत नाहीत, हे आमच्या मोसंबी-आंब्याच्या बागायतदारांनाही ठाऊक आहे. गुरूची जात सांगण्याची लाज मात्र पूर्णपणे वास्तवातली आहे.

त्यानंतरच्या रविवारी विहारात मी शश जातक बाजूस ठेवून चित्त-सम्भूत वाचले. ज्येष्ठ उपासकांनी या वेळी आक्षेप घेतला नाही. पायसाचा प्रसंग आला तेव्हा विहारात पूर्ण शांतता होती. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, "सर, ती त्यांची बोली कशी होती? पुस्तकात काही आहे का?" मी त्यांना सांगितले की, पाली कथाकाराने त्या बोलीतले केवळ दोन उद्गार जपून ठेवले आहेत. त्यांनी ते दोन्ही मला पुन्हा म्हणून दाखवावयास लावले. सातवीतल्या त्या मुलीने ते आपल्या वहीत उतरवून घेतले.